बिनतारी दाबमापकाचा भरवसा किती?

परभणीपासून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. तरीही स्कुबा डायव्हिंग हा शब्द आपल्या विद्यार्थ्यांना आता नवा राहिलेला नाही. कोकणच्या सहलीत मालवण-तारकर्ली असतेच, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाठीला टाकी बांधून प्रवाळ पाहून आलेला एखादा तरी विद्यार्थी वरच्या वर्गात भेटतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विद्येची प्रशिक्षण संस्थाही उभारली आहे. पाण्याखाली किती वेळ राहायचे हे ज्या साधनाकडे पाहून ठरवायचे, त्या साधनावर किती विसंबावे, हा प्रश्न म्हणूनच वर्गात घेण्याजोगा आहे. त्यात बॉईलचा नियम येतो, रेडिओलहरी येतात, संभाव्यताही येते. शिवाय 'विश्वसनीय' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे आपण वर्गात सहसा शिकवत नाही. तेही यानिमित्ताने शिकवता येते.

हे साधन म्हणजे पाणबुड्याच्या मनगटावरचा छोटा संगणक. खोली आणि वेळ मोजून शरीरात किती नायट्रोजन विरघळला असेल याचा हिशेब तो करतो. जे. एस. हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये या हिशेबाचा पाया घातला. १९९० च्या दशकापासून या संगणकाला आणखी एक काम मिळाले. टाकीच्या तोंडाशी एक छोटा प्रक्षेपक बसवतात. तो टाकीतील दाब बिनतारी संदेशाने मनगटाकडे पाठवतो. दाब दाखवणारी रबरी नळी आणि तिच्या टोकाचा काट्याचा दाबमापक यांची मग गरज उरत नाही, असे सांगितले जाते.

या साधनाबद्दल दोन मते ऐकू येतात. विक्रेते म्हणतात की हवा किती उरली ते मनगटावर अचूक कळते, आता काळजी नको. जुने पाणबुडे म्हणतात की संपर्क मध्येच तुटतो, तेव्हा यावर भरवसा नको. दोन्ही मते एकाच गोष्टीकडे पाहतात, ती म्हणजे संदेश पोहोचतो की नाही. आमच्या मते या साधनाची खरी परीक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. साधन किती वेळा बिघडते यापेक्षा ते बिघडल्याचे आपल्याला कळते की नाही, हे आधी विचारले पाहिजे.

टाकीतली हवा कशी कळते

घरातल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत इंधन द्रवरूपात असते. द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत, तापमान सारखे असल्यास, आतला दाब जवळजवळ तोच राहतो. म्हणून तिथे दाब पाहून गॅस किती उरला ते कळत नाही. टाकी उचलून किंवा वजन करून अंदाज घ्यावा लागतो. पाणबुड्याच्या टाकीत मात्र द्रव नसतो, दाबलेली हवा असते. निम्मी हवा संपली की दाब साधारण निम्मा होतो. त्यामुळे इथे दाबमापक हाच हवा मोजण्याचा सोपा मार्ग ठरतो. २०२१ मध्ये करोनाच्या काळात ज्यांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरवरील काट्याकडे डोळे लावून रात्री काढल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

झाक इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये आधुनिक स्कुबा साधन तयार केले. त्यानंतर बराच काळ अनेक पाणबुडे दाबमापकाशिवायच उतरत. त्यांच्या टाकीला स्प्रिंगची एक झडप असे. दाब ठरावीक पातळीखाली आला की श्वास घेणे जड जाई. मग पाणबुड्या दांडी ओढून राखीव हवा मोकळी करी आणि वर निघे. जुन्या मोटारसायकलला असलेली 'रिझर्व्ह'ची चावी आठवा, युक्ती तीच आहे. तिचा दोषही तोच आहे. चावी आधीपासूनच रिझर्व्हवर राहून गेली असेल, तर गाडी थांबते तेव्हा टाकीत काहीच नसते. पाण्याखाली दांडी कशाला तरी अडकून आधीच ओढली गेली असेल, तर इशारा मिळतच नाही. झडप मोडलेली नसते, तरी ती फसवते, आणि फसवल्याचे कळू देत नाही.

नंतर काट्याचा दाबमापक सर्वत्र आला. त्यात युजीन बुर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी, चपटी धातूची नळी असते. आतला दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. ठिबक सिंचनाच्या फिल्टरजवळचा दाबमापक उघडून पाहिला तर बहुधा हीच नळी दिसेल.

पाण्यातून संदेश जातो कसा

विद्यार्थी इथे हमखास विचारतील, की पाण्याखाली मोबाइल चालत नाही, मग हे कसे चालते? उत्तर वारंवारतेत आहे. समुद्राचे पाणी विजेचे वाहक आहे. रेडिओलहर त्यात शिरली की तिची ऊर्जा पाण्यात विद्युत्प्रवाह निर्माण करण्यात खर्च होते आणि लहर क्षीण होत जाते. वारंवारता जितकी जास्त, तितकी ती लवकर क्षीण होते. परभणी आकाशवाणीच्या मध्यम लहरीची वारंवारता १३०५ किलोहर्ट्झ अशी आपल्या परिचयाची आहे. ती लहर समुद्राच्या पाण्यात जेमतेम २२ सेंटिमीटर अंतरात आपला जोर ३७ टक्क्यांवर आणते. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झला हेच व्हायला अडीच सेंटिमीटर पुरतात. याउलट ३८ किलोहर्ट्झला सुमारे १.३ मीटर लागतात. म्हणूनच पाणबुड्यांचे अनेक प्रक्षेपक ३८ किलोहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहूनही खाली काम करतात.

इतक्या कमी वारंवारतेवर छोटा प्रक्षेपक खऱ्या अर्थाने लहर सोडत नाही. तो आपल्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. या क्षेत्राचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की जोर एक-अष्टमांश होतो. त्यामुळे पल्ला साधारण एक-दीड मीटरच मिळतो. प्रक्षेपक मानेमागे उजवीकडे असेल आणि संगणक डाव्या मनगटावर असेल, तर हात पुढे ताणताच संपर्क तुटू शकतो. छायाचित्रणाचा फ्लॅश किंवा जवळची विजेची मोटार यांनीही संदेशात तात्पुरता व्यत्यय येतो. यात गूढ काही नाही. अंतराचा घन डोळ्यांपुढे ठेवला की सारे कळते. २०२० मध्ये गार्मिन कंपनीने रेडिओऐवजी ध्वनिलहरींनी संदेश पाठवणारा प्रक्षेपक आणला. त्याचा पल्ला सुमारे दहा मीटर सांगितला जातो, कारण ध्वनी पाण्यात फार दूर जातो.

संपर्क तुटला तर काय होते

आता जुन्या पाणबुड्यांचा आक्षेप आकड्यांत तपासू. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरू. वीस मीटर खोलीवर एकूण दाब तिप्पट असतो, म्हणून तिथे त्याला पृष्ठभागावरच्या हिशेबाने ६० लिटर लागतात. टाकी ११ लिटरची असेल तर दाब मिनिटाला साडेपाच बारने उतरतो. म्हणजे संपर्क एक मिनिट तुटला आणि पडद्यावर जुनाच आकडा राहिला, तरी चूक पाच-सहा बारची होते. भरलेल्या टाकीचा दाब २०० बार असतो आणि वर येताना ५० बार शिल्लक ठेवण्याची पद्धत आहे. अशा हिशेबात ही चूक किरकोळ आहे. त्यानंतर चांगला संगणक आकडा पुसून 'संपर्क नाही' अशी खूण दाखवतो. पाणबुड्याला तेव्हाच कळते की आता आपल्याजवळ मोजमाप नाही, म्हणून सोबत्याला खूण करून सावकाश वर निघावे. टाकीत अजून बरीच हवा असते. डुबकी वाया जाते, माणूस वाचतो.

ज्या बिघाडाची सर्वाधिक तक्रार होते, तो असा उघड बिघाड आहे.

न सांगता होणारी चूक

दुसऱ्या प्रकारची उदाहरणे पाहा. उवाटेक कंपनीच्या 'अलादीन एअर एक्स नायट्रॉक्स' या बिनतारी संगणकाच्या १९९५ साली बनलेल्या नगांत आज्ञावलीची चूक होती. दोन डुबक्यांच्या मध्ये पाणबुड्या बोटीवर साधी हवा घेत असतो. यंत्र मात्र तो अजूनही ऑक्सिजन अधिक असलेले मिश्रणच घेत आहे असे धरून हिशेब करी. त्यामुळे शरीरातला नायट्रोजन खऱ्यापेक्षा लवकर निघून गेल्याचे दिसे, आणि पुढच्या डुबकीला प्रत्यक्षात धोक्याची असलेली मुभा मिळे. अमेरिकेत ही यंत्रे परत मागवली गेली ती २००३ मध्ये. मधल्या काळात पडदा कोरा झाला नव्हता, धोक्याची घंटाही वाजली नव्हती. संदेश नीट पोहोचत होता आणि आकडेही स्पष्ट दिसत होते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. सुंटो या फिनलंडच्या कंपनीच्या २००६ ते २०१८ या काळात बनलेल्या संगणकांतील खोली मोजणाऱ्या संवेदकांबद्दल अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. २०१८ मध्ये तो तडजोडीने मिटला आणि यंत्रांची तपासणी व दुरुस्ती करून देण्याची व्यवस्था ठरली. तडजोड म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पण वादाचा विषय पाहा. बिनतारी संपर्काविषयी तो नव्हताच. मोजणाऱ्या मूळ संवेदकाविषयी होता. खोलीच चुकली, तर तिच्यावर उभा राहिलेला पुढचा सारा हिशेब चुकतो.

खोक्यावरच्या प्रमाणपत्राने तरी हा प्रश्न सुटतो का? अशा यंत्रांवर बहुधा युरोपातील ईएन १३३१९ या मानकाचा उल्लेख असतो. हे मानक खोली आणि वेळ यांच्या मोजमापापुरते आहे. वर येताना कुठे, किती थांबायचे हा हिशेब त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे ज्या आकड्यावर प्राण अवलंबून असतात त्याची हमी त्या शिक्क्यात नसते. माहितीपत्रकात कमाल खोली, बॅटरीचे आयुष्य, पडद्याचे रंग हे सगळे छापलेले असते. हजार डुबक्यांमागे किती वेळा चुकीचा दाब दिसला, हा आकडा मात्र तिथे सापडत नाही. विश्वसनीयतेचा दावा करणाऱ्यांनी तो द्यायला हवा, अशी मागणी करणे गैर नाही.

मोजलेला आकडा आणि अनुमानाचा आकडा

या यंत्रातील सर्वांत आकर्षक आकडा म्हणजे 'हवा आणखी इतकी मिनिटे पुरेल'. तो मोजलेला नसतो. गेल्या काही मिनिटांत हवा ज्या वेगाने संपली त्याच वेगाने पुढेही संपेल असे गृहीत धरून तो काढलेला असतो. वरच्याच उदाहरणात २०० बारपासून ५० बारपर्यंत वापरण्यासारखी हवा १५० गुणिले ११, म्हणजे १६५० लिटर आहे. खोली वीस मीटर धरू.

मिनिटाला १५ लिटर घेणारा शांत पाणबुड्या: सुमारे ३७ मिनिटे.
२० लिटर घेणारा: सुमारे २७ मिनिटे.
प्रवाहाविरुद्ध पोहताना किंवा घाबरून ३० लिटर घेणारा: सुमारे १८ मिनिटे.

टाकी तीच, यंत्र तेच, बिघाड कसलाही नाही. तरी ३७ चे १८ झाले. मनुष्य घाबरतो नेमका त्याच वेळी हा आकडा आधीच्या शांत मिनिटांवर बेतलेला असतो. म्हणून दाब हा आकडा आधी वाचावा आणि मिनिटांचा आकडा सल्ला म्हणून घ्यावा. दोन्ही आकडे एकाच पडद्यावर, सारख्याच ठळक अक्षरांत दाखवणे हा आमच्या मते या यंत्रांच्या रचनेतला दोष आहे. मोजमाप कोणते आणि अनुमान कोणते, हे वाचणाऱ्याला पाहताक्षणी कळले पाहिजे.

आणखी एक बारीक गोष्ट. टाकीची झडप अर्धवटच उघडली असेल, तर श्वास घेताना काट्याच्या दाबमापकाचा काटा खाली झुकतो आणि पुन्हा वर येतो. अनुभवी पाणबुडे पाण्यात शिरण्याआधी दोन-चार श्वास घेऊन हे पाहतातच. अनेक बिनतारी प्रक्षेपक साधारण पाच सेकंदांनी एकदा दाब पाठवतात. त्यात हा क्षणिक झोका निसटू शकतो. आकडा अधिक सूक्ष्म मिळाला, पण एक जुनी खूण हरवली. नव्या साधनाचे परीक्षण करताना त्याने काय दिले याबरोबर काय काढून घेतले, हेही लिहिले पाहिजे.

काट्याचा दाबमापक निर्दोष आहे असे मात्र नाही. त्याचा काटा अडकू शकतो आणि रिकाम्या टाकीवरही दाब दाखवू शकतो. नळीच्या सांध्यातून हवा गळू शकते. तोही न सांगता चुकू शकतो.

दोन साक्षीदार

मग उपाय काय? दोन वेगळ्या साधनांनी मोजणे. समजा, एका साधनाने शंभरात एकदा दगा दिला आणि दुसऱ्यानेही तितक्याच वेळा दिला, तर दोघांनी एकाच वेळी दगा देण्याची संभाव्यता दहा हजारांत एक होते. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. गुणाकार करण्याची अट मात्र महत्त्वाची आहे, की दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. एकाच बनावटीचे, एकाच आज्ञावलीचे दोन संगणक दोन्ही मनगटांवर बांधले, तर आज्ञावलीतली चूक दोघांत सारखीच असेल आणि दोघे एकमेकांना दुजोरा देतील. अलादीनच्या चुकीपुढे असे दोन संगणक निरुपयोगी ठरले असते. बिनतारी प्रक्षेपकाच्या जोडीला काट्याचा साधा दाबमापक ठेवणारे पाणबुडे जुनाट नाहीत. स्वातंत्र्याची ही अट त्यांना समजलेली आहे.

तिसरा साक्षीदार पाणबुड्या स्वतः असतो. किती वाजता उतरलो, किती खोलीवर होतो, यावरून दाब साधारण किती असावा हे मनाशी काढावे आणि मग पडद्याकडे पाहावे. अपेक्षा १२० बारची आणि आकडा १८० चा, तर शंका घ्यावी. अपेक्षेशिवाय पाहिलेला आकडा तपासता येत नाही.

मालवणला आणि परभणीत

मालवणला पहिल्यांदा उतरणाऱ्या पर्यटकाने हा दाब स्वतः वाचावा अशी अपेक्षा नसते. त्याच्या हवेवर प्रशिक्षकाची नजर असते. म्हणून सहल नेणाऱ्या शिक्षकांनी यंत्राची बनावट विचारण्यापेक्षा माणसांची व्यवस्था विचारावी. एका प्रशिक्षकाकडे किती जण? दाब कोण वाचतो? किती दाबाला वर आणतात? बोटीवर जीवरक्षक जाकिटे सर्वांना पुरतील इतकी आहेत का? २४ मे २०२२ रोजी स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्या दिवशी धोका टाकीत नव्हता, परतीच्या बोटीत होता. सुरक्षेचा विचार एका यंत्राजवळ थांबला की असे दुसरे दार उघडे राहते.

न सांगता होणारी चूक ओळखायला मालवणलाच जायला हवे असे नाही. आपल्या महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र पाहा. त्यातला पर्जन्यमापक पावसाच्या पाण्याने एक छोटे पन्हाळे कलंडवतो आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद बिनतारी पाठवली जाते. नोंद पोहोचलीच नाही, तर माहितीत रिकामी जागा दिसते आणि कोणीतरी चौकशी करतो. पण गाळणीत पाला किंवा पक्ष्याचे घरटे अडकले, तर यंत्र प्रामाणिकपणे 'शून्य मिलिमीटर' कळवते. कोरड्या दिवसाचे शून्य आणि तुंबलेल्या गाळणीचे शून्य सारखेच दिसते. पीकविम्याचा प्रश्न अशा आकड्यांशी जोडला जातो, तेव्हा सोयाबीनच्या शेतकऱ्याला हा फरक पाणबुड्याइतकाच महाग पडतो. उपायही तोच आहे: शेजारी एक साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक आणि रोजची वही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत वर्ग नेला, तर पाऊस मोजण्याची शिस्त विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.

वर्गात करून पाहा

एक जुना मोबाइल ब्लूटूथने छोट्या स्पीकरला जोडून गाणे लावा. मोबाइल दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करून पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवा. किती सेंटिमीटरवर गाणे तुटते ते मोजा, आणि तुटल्यावर स्पीकर काय करतो ते लिहा: सांगतो, की नुसता गप्प बसतो?

मग प्रत्येक विद्यार्थ्याने घरातले, शेतातले किंवा रस्त्यावरचे एक मोजणारे साधन निवडावे: गाडीचा पेट्रोलकाटा, विजेचे मीटर, ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर, दुकानातला तराजू. त्या साधनाबद्दल चार ओळी लिहाव्यात. ते प्रत्यक्ष काय मोजते? कोणता आकडा अनुमानाने काढते? बिघडले तर आपल्याला कसे कळेल? कळणार नसेल, तर पडताळा घ्यायला दुसरे कोणते स्वतंत्र साधन जवळ आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना लगेच सुचणार नाही. त्या प्रश्नाला एक पूर्ण तासिका द्यावी.